एका वाक्यासाठी हिमनदी

"बाई, तुम्ही बघितलीय का हो हिमनदी?"

परभणीच्या कन्याशाळेत, एप्रिलच्या उन्हानं छताचे पत्रे तडतड वाजत असताना, तिसऱ्या बाकावरून हा आवाज आला होता. आवाज कुणाचा, ते पद्मिनीबाईंना आता आठवत नव्हतं. मुलगी दोन वेण्यांची होती एवढं आठवत होतं, आणि त्या शाळेत दोन वेण्या नसलेली मुलगी शोधूनही सापडली नसती. बाईंनी फळ्यावर नुकतीच एक सुबक हिमनदी काढली होती. निळ्या खडूनं बर्फ, तपकिरी खडूनं हिमोढ, म्हणजे हिमनदी आपल्यापुढं ढकलत आणते तो दगडगोट्यांचा ढीग. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "मी सूर्यमालाही शिकवते. तिथंही जाऊन आले नाही. खाली बस." वर्ग हसला, मुलगी बसली, तास संपला.

आवाज मात्र बसला नव्हता. सन अठ्ठ्याऐंशीत, वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावी, धाकट्या भावाच्या घरी, काचेच्या मोठ्या खिडकीशी बाई बसल्या असताना तो पुन्हा ऐकू येऊ लागला. त्याचं कारण अगदी साधं होतं. दिवसभरात दुसरा आवाजच नव्हता.

भाऊ संजीव विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. तो सकाळी उठून जायचा तो संध्याकाळी यायचा. वहिनी सुनेत्रा इस्पितळात नर्स. ती दुपारी जायची ती झोपायच्या वेळेला यायची. स्वभावानं दोघंही लोण्यासारखी, पण लोणी फ्रिजमध्ये आणि फ्रिज बंद, अशी गत. बाहेर एकसारखी घरं, एकसारखं गवत, आणि गवतावर आपोआप उडणारं पाणी. पोस्टमन यायचा, बाई त्याला हात करायच्या, तोही करायचा. शेजारी हसायचे आणि हसताहसता गॅरेजचं दार खाली घ्यायचे. एकदा गालिचे धुऊन देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा फोन आला. बाईंनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीत फोनवरच्या विक्रेत्याची चौकशी केली, त्याच्या आईची चौकशी केली, परभणीत सतरंजी कशी धुतात ते समजावून दिलं. शेवटी त्या विक्रेत्यानंच "मॅडम, मला आता जायला हवं" म्हणून फोन ठेवला. विक्रेत्याला फोन ठेवायला लावणारं गिऱ्हाईक त्या धंद्यात क्वचितच झालं असेल.

आईनं जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचा बाईंच्या कानाला जन्माचा छंद. भांडी मशीनमध्ये लावतालावता त्यांच्या ओठांवर आपोआप आलं:

दूर देशी भाऊराया, उंच त्याची माडी बाई
दिवसभर दारावरी हाक कुणी देत नाही

हे त्यांनी भावाला ऐकवलं नाही. ऐकवणार कशा? आईवडील गेल्यावर संजूला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, त्यापायी स्वतःचं लग्न पुढं ढकललं, आणि पुढं ढकलताढकलता ते कुठं गेलं ते कळलंच नाही. त्यामुळं आता संजूनं चंग बांधला होता. आक्काचं ऋण फेडायचं. तिला डिसेंबरात आणलं, तिच्यासाठी वरची खोली रंगवून घेतली, कपाटात देवासाठी फळी ठोकली. व्हिसाची मुदत एकदा वाढवून झाली होती. सोमवारी इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन दुसऱ्यांदा वाढवायची होती, आणि मग ग्रीन कार्डाच्या मागं लागायचं. "आता तू इथंच. कायमची," असं तो रोज जेवताना म्हणायचा, आणि बाई म्हणायच्या, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?"

सांगायचं वाक्य एवढुसं होतं. मला घरी जायचंय. पण ते घरात सांगणं अशक्य. त्या रंगवलेल्या खोलीखाली बसून कुठल्या तोंडानं सांगायचं? सोमवारच्या आत, घराबाहेर, फक्त दोघंच असताना सांगायला हवं. म्हणून त्याच्या आठवडाभर आधी, रविवारी, बाई एकदम म्हणाल्या, "संजू, इथं जवळपास हिमनदी असते का रे? आयुष्यभर शिकवली, एकदा बघू तरी. आपण दोघंच जाऊन येऊ."

संजीवचा चेहरा असा उजळला, की बाईंना आपल्या कपटाची लाज वाटली. आठ महिन्यांत आक्कानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं!

आता, मराठी माणसानं परदेशात गुपचूप सहलीला जायचं ठरवणं हे जिन्यात फोडणीची मिरची घालून "कुणाला वास येऊ नये" म्हणण्यासारखं आहे. संजीवनं फक्त तंबू मागायला फोन केला, गुरुदत्त कर्णिकांना. कर्णिक म्हणजे तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. मूळचे दादरचे, सध्या बेलव्ह्यूचे, आणि फोनवर सर्वत्रचे. मंगळवारी सकाळी ते दारातच उभे.

"ताई, हिमनदी बघायची तर थेट हिमनदीकडं जायचं नसतं," त्यांनी चहाचा कप हातात घेत सुनावलं. "आधी पॅसिफिकचा किनारा. ऑलिंपिक द्वीपकल्पाचा सबंध किनारा फिरून, खालून वळून, मग माउंट रेनियर, तो हिमनद्यांचा डोंगर. शनिवारी काय आहे माहितीय? नारळी पौर्णिमा! समुद्र आहे, पौर्णिमा आहे, मंडळ आहे. नारळ नको?"

"पण आम्ही दोघंच—" बाई म्हणाल्या.

"छे छे, दोघांनी काय नारळ फोडायचा!"

परभणीला समुद्र नाही. बाईंनी जन्मात समुद्राला नारळ वाहिला नव्हता. पण हे बोलायच्या आत कर्णिकांनी भिंतीवरचा फोन उचलला होता. दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा पूर आला. कुणी सांगितलं, अस्वलं असतात, घुंगरू बांधा. कुणी सांगितलं, अस्वलाला हिंगाचा वास खपत नाही, म्हणून बटाटेवडे न्या. कर्णिकांच्या पत्नी वीणावहिनींनी तीनदा फोन करून विचारलं, की हिमनदीवर साडी नेसायची की पॅन्ट, आणि पॅन्टवर मंगळसूत्र बरं दिसेल का. सुनेत्रानं बिचारीनं इस्पितळात अदलाबदल करून सुट्टी मिळवली, "आक्का, मी पण येते हं, तुमच्याबरोबर कुठं जाणंच होत नाही." एवढ्या प्रेमानं म्हणाली, की बाईंना 'नको' म्हणताही येईना.

शनिवारी पहाटे दारात तीन गाड्या उभ्या होत्या. एक संजीवची, एक कर्णिकांची, आणि तिसरीत मंडळातली दोन कुटुंबं कोंबलेली. टपावर गॅसची शेगडी, कुकर, ताडपत्री आणि व्हॉलीबॉल. नारळ तीन होते, कारण "एखादा नासका निघाला तर?" बाईंनी संजूला राखी बांधली आणि मनात म्हटलं:

तीन गाड्या, नऊ डबे, बारा जणांचा हा मेळा
एक वाक्य बोलायाला मिळेना गं एक वेळा

पण वेळ आली. फेरीबोटीतून पलीकडं उतरल्यावर वीणावहिनींना सुनेत्राशी आपल्या गुडघ्याबद्दल सविस्तर बोलायचं होतं. नर्स फुकट मिळाली की माणसाचे सांधे बोलू लागतात. सुनेत्रा त्यांच्या गाडीत गेली, आणि आपल्या गाडीत बाई आणि संजू, दोघंच! रस्ता उंच झाडांतून चालला होता. मध्येच झाडी फाटायची आणि खाली समुद्र दिसायचा. मंद पसरलेला, वाळूतला समुद्र तो नव्हता. कडे तुटलेले, पाण्यात काळे सुळके उभे, सुळक्यांच्या डोक्यावर चारदोन झाडं, वरात पुढं निघून गेल्यावर मागं राहिलेल्या पाहुण्यांसारखी.

बाईंनी मांडीवरचा बेसनाच्या लाडवांचा डबा दोन सीटांच्या मधे ठेवला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "संजू, मला तुला एक सांगायचंय. बरेच दिवस मनात आहे."

"बोल की."

"रागावू नकोस. सुनेत्रालाही आत्ताच सांगू नकोस. मला..."

"बोला ताई, अगदी निःसंकोच बोला!" गाडीच्या पोटातून कर्णिकांचा आवाज आला. "बटण तेवढं सोडून दाबा, नाहीतर आमचं तुम्हाला ऐकू येत नाही. ओव्हर!"

झालं होतं असं, की वाटेत चुकामूक नको म्हणून कर्णिकांनी तिन्ही गाड्यांत एका गाडीतून दुसरीत बोलायचे सीबी रेडिओ बसवले होते. त्याचा हातात धरायचा माईक दोन सीटांच्या मधेच पडला होता, आणि त्याच्या बटणावर बाईंनी लाडवांचा डबा ठेवला होता. "सुनेत्रालाही सांगू नकोस" हे सुनेत्रासकट सगळ्या ताफ्यानं कान देऊन ऐकलं होतं. डबा जरासा सरकला म्हणून बरं, नाहीतर कर्णिकांचा आवाजही आला नसता आणि पुढचंही सगळं गेलं असतं.

बाईंनी घाईघाईनं माईकचं बटण दाबलं. चाळीस मुलींसमोर न डगमगलेली बाई त्या काळ्या डबीसमोर गडबडली. "मला... मला म्हणायचं होतं, की मी निघताना दह्याला विरजण लावायला विसरले."

लगेच दुसऱ्या दोन्ही गाड्यांतून सल्ले सुरू झाले. इथलं दूध पातळ, म्हणून दही लागतच नाही. ओव्हनचा दिवा लावून ठेवावा. हिरवी मिरची देठासकट टाकावी. अर्धा तास दही चाललं. शेवटी एका अमेरिकन ट्रकवाल्याचा भरदार आवाज त्यात शिरला आणि त्यानं अत्यंत नम्रपणे विचारलं, की तुम्ही लोक कुठली भाषा बोलता आणि कृपया दुसऱ्या चॅनलवर जाल का?

संजीव हसून हसून लाल झाला. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. ते दही पुढं किती महिने आपल्या नावावर राहणार, याची त्यांना कल्पना आली होती.

दुपारी किनाऱ्यावर उतरले. वारा असा, की बोललेला शब्द मागच्या मागं जपानला. वाळूऐवजी गोटे, आणि गोट्यांवर समुद्रानं आणून टाकलेले, पांढरे पडलेले प्रचंड ओंडके. कर्णिकांनी धोतर आणलं होतं. वारा बघून ते त्यांनी पॅन्टवरच गुंडाळलं. पूजा कशी करायची, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कर्णिकांनी ती लहानपणी गर्दीतून पाहिली होती, तीही वडिलांच्या खांद्यावरून, आणि त्यांना मुख्यत्वे फुगेवाला आठवत होता. अखेर सगळ्यांनी हात जोडले, जी येत होती ती आरती म्हटली, आणि नारळ पाण्यात सोडला.

लाटेनं तो आणून कर्णिकांच्या बुटाशी ठेवला.

पुन्हा जोरात टाकला. समुद्रानं पुन्हा परत केला. तिसऱ्या खेपेला संजीवनं व्हॉलीबॉलसारखा फेकला, तेव्हा पलीकडून रेंजरबाई येत होत्या. तरुण मुलगी, हॅट मोठी, चेहरा गंभीर. नॅशनल पार्कच्या हद्दीत समुद्रात वस्तू टाकता येत नाहीत, असं ती म्हणाली. कर्णिक छाती काढून म्हणाले, "धिस इज नॉट थ्रोइंग. धिस इज गिफ्ट. टु द ओशन."

रेंजरनं पायाशी आलेल्या नारळाकडं पाहिलं. "सर, ओशनला तो नकोय असं दिसतंय."

तिनं ताकीद दिली, आपला नारळ आपणच घेऊन जायला सांगितलं, आणि जाताजाता हे फळ आतून कसं लागतं, असं हळूच विचारलं. वीणावहिनींनी तो ओंडक्यावर फोडून तिला खोबरं दिलं. पंचनाम्याच्या मुद्देमालाचा प्रसाद झाला, आणि कर्णिकांचा अपमान कुणी बघितला नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

बाई बाजूला एका ओंडक्यावर बसल्या होत्या. लोक आपलेच, भाषा आपलीच, लाटांसारखं हसणं चाललेलं, आणि आपण मात्र काचेच्या पलीकडं असल्यासारखं. घरची खिडकी आपण बरोबरच घेऊन आलोय की काय, असं त्यांना वाटलं. गर्दीतलं एकटेपण मोठं लबाड. त्याला कुणी 'काय झालं' म्हणून विचारतही नाही.

संध्याकाळी मोटेलमध्ये सगळ्या बायका एका खोलीत आणि पुरुष दुसऱ्या, म्हणजे वाक्याची सोय नाहीच. कर्णिकांनी न्हाणीघरात शेगडी पेटवून खिचडीला फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. मालक आला, सगळे अनवाणी पार्किंगमध्ये उभे राहिले, खिचडी करपली. सकाळी तिसऱ्या गाडीतली दोन्ही कुटुंबं "मुलांना खोकला झालाय" म्हणून परस्पर घरी गेली. दोन गाड्या रेनियरच्या वायव्य कोपऱ्याला, कार्बन नदीच्या बाजूला लागल्या. तिथली हिमनदी इतकी खाली उतरते, की झाडीतून चालत थेट तिच्या तोंडाशी जाता येतं, असं संजीवनं नकाशात शोधून ठेवलं होतं. आक्काला चढ झेपला पाहिजे ना.

वाट दाट जंगलातून होती. शेवाळानं मढलेली झाडं, खाली दुधाळ, राखी पाण्याची नदी. ते पाणी बघून बाई थबकल्या. "दगडाचं पीठ आहे ते," त्या पुटपुटल्या. "वर हिमनदीचं जातं फिरतंय." कुणी ऐकलं नाही, कारण कर्णिकांच्या नव्या बुटांनी त्यांच्या टाचा सोलल्या होत्या आणि त्याची माहिती ते सर्वांना सविस्तर देत होते. थोड्याच वेळात ते एका खडकावर बसले. "मंडळाचा अध्यक्ष इथं थांबतो. तुम्ही पुढं व्हा आणि नीट अहवाल द्या."

वीणावहिनी झुलत्या पुलापर्यंत आल्या. तारांवर फळ्या टांगलेला पूल, खाली घोंघावणारं पाणी, आणि एकावेळी एकानंच जावं अशी पाटी. त्यांनी पाटी वाचली, पाणी बघितलं, आणि त्यांना घेरी आली.

सुनेत्रानं त्यांना खाली बसवलं, नाडी बघितली. मग तिनं मान वर करून बाईंकडं पाहिलं. जरा जास्त वेळच पाहिलं.

"आक्का, तुम्ही दोघं जा. मी आहे इथं."

"अगं, पण तू..."

"जा म्हणते ना. दह्याचं बोलून घ्या काय ते."

पुलावर बाई एकट्या गेल्या. फळ्या पायाखाली डुलत होत्या, साडीचा घोळ एका हातात, तार दुसऱ्या हातात. पलीकडं संजू उभा होता, हात पुढं करून. एके काळी नाल्यावरच्या फळीवर पलीकडून त्या त्याला असाच हात द्यायच्या. हात धरला, आणि दोघंही चढू लागली.

झाडी संपली आणि संजीव थांबला. त्यानं गळ्यातला कॅमेरा उचलला, खाली केला, पुन्हा उचलला.

"हीच?"

समोर काळाकुट्ट ढिगारा होता. चिखल, खडी, घराएवढे धोंडे. रस्त्याचं काम अर्धवट टाकून कंत्राटदार पळून गेलाय असं वाटावं. पांढरं असं काही नाहीच. फक्त तळाशी, जिथून राखी नदी फेसाळत बाहेर पडत होती, तिथं एका भेगेत निळसर चकाकी होती.

"आक्का, सॉरी," संजीवचा आवाज खरोखर पडला. "तुला पांढरीशुभ्र दाखवायची होती गं. फोटोतल्यासारखी. दोन दिवस तुला हिंडवलं, आणि हे दाखवलं."

बाई हरखून बघत होत्या. मग त्यांचा हात वर गेला, खडू धरल्यासारखा.

"अरे वेड्या, हीच तर! परभणीच्या कारखान्यातली बर्फाची लादी आठव. वरून भुसा, गोणपाट, दिसायला उकिरडा, आणि आत बर्फ. तसंच हे. वरचे दगड उन्हाला आत शिरू देत नाहीत. तो कडेचा बांध दिसतो? तो पार्श्व हिमोढ. पुढ्यातला हा अंत्य हिमोढ. दरी बघ, यू आकाराची की नाही? मी काढायची तशीच! फक्त मी बर्फ फारच निळा काढायचे."

आठ महिन्यांत संजीवनं हा आवाज ऐकला नव्हता. खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तो एका दगडावर बसून ऐकत राहिला. बाई शिकवत होत्या, वारा त्यांचा पदर उडवत होता, आणि वरून मधूनच एखादा धोंडा निसटून गडगडत खाली येत होता.

तास संपला. बाई दमून त्याच्या शेजारी बसल्या. संजीवनं थर्मासमधला चहा ओतून दिला.

"पुढच्या समरला तुला अलास्काला नेतो," तो उत्साहानं म्हणाला. "तिथं समुद्रातच कोसळतात म्हणे हिमनद्या. उद्या ते मुदतीचं काम झालं की—"

"संजू."

इथं कुठलंही बटण नव्हतं. कुणी सल्ला द्यायला नव्हतं. एवढा मोकळा वेळ मिळाल्यावर वाक्य जिभेवर येऊन नेहमीसारखं मागं वळू लागलं, आणि बाईंनी त्याला अक्षरशः कान धरून पुढं आणलं.

"मला घरी जायचंय रे. परभणीला. कायमचं."

संजीवनं थर्मासचं झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

"मग मेल्या, विचारलं का नाहीस? मी इकडं झुरतेय, एक वाक्य घेऊन समुद्र पालथा घालतेय!"

"विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. कानाशी केस पांढरे झालेला माणूस. हे आपण आजवर पाहिलं कसं नाही, असं त्यांच्या मनात आलं. तो समोरच्या काळ्या ढिगाऱ्याकडं बघत होता, आणि बोलला तेही त्या ढिगाऱ्याशी बोलल्यासारखं.

"तुझं ऋण वगैरे मी लोकांना सांगतो, आक्का. सुनेत्रालाही तेच सांगितलंय. पण तू यायच्या आधी, थंडीत मी कामावरून घरी यायचो ना, तेव्हा सगळं घर काळोखात असायचं. मी गाडी बंद करून तिथंच बसून राहायचो. आत जाववायचंच नाही गं मला. तू आल्यापासून खिडकीत दिवा दिसतो, म्हणून विचारलं नाही."